बॉयलरच्या नळ्या घासायचं हत्यार : आखणीपासून पहिल्या सफाईपर्यंत

खानापूर आणि चंदगडकडच्या काजू कारखान्यांत, बेळगावातल्या एखाद्या डेअरीत किंवा लाँड्रीत जो लहान बॉयलर असतो, तो बहुतेक वेळा फायर ट्यूब जातीचा असतो. जाळाचा गरम धूर नळ्यांच्या आतून जातो आणि पाणी नळ्यांच्या बाहेर उभं असतं. या नळ्यांत काजळी धरते आणि ती हातानंच काढावी लागते. त्यासाठी लागणारं हत्यार कसं आखायचं, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या लेथवाल्याकडून काय काय करून घ्यायचं आणि पहिल्यांदा वापरताना काय सांभाळायचं, ते इथे सांगतो. नव्यानं बॉयलरवर रुजू झालेल्या आणि हातात पाना-कानस धरायची सवय असलेल्या माणसासाठी हे लिहिलं आहे.

संकेश्वर, उगार इथल्या साखर कारखान्यांचे मोठे बॉयलर वेगळे. त्यांच्यात पाणी नळीच्या आत आणि जाळ बाहेर असतो, काजळी उडवायला वाफेचे सूट ब्लोअर असतात. हे हत्यार त्यांच्यासाठी नाही.

काजळी का काढायची

काजळी उष्णता अडवते. जी उष्णता पाण्यात जायला हवी ती चिमणीतून वर निघून जाते. ऊर्जा बचतीच्या मार्गदर्शक पुस्तिकांत नेहमी दिला जाणारा हिशेब असा : ३ मिलीमीटर काजळी साचली की जळण साधारण अडीच टक्के जास्त लागतं, आणि चिमणीतल्या धुराचं तापमान २२ अंशांनी वाढलं की कार्यक्षमता एक टक्क्यानं घटते. म्हणून चिमणीला थर्मामीटर बसवून घ्या. ताज्या सफाईनंतर, पूर्ण लोडवर येणारं तापमान भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. त्याच लोडवर आकडा २० अंशांनी वर गेला की नळ्या घासायची वेळ झाली. 'दर रविवारी' किंवा 'महिन्यातून एकदा' असा ठोकळ नियम लावण्यापेक्षा हे बरं, कारण काजूची टरफलं जाळणारा बॉयलर आणि सुकं लाकूड जाळणारा बॉयलर एका वेगानं काळे होत नाहीत.

आधी मापं घ्या

बाजारात जाऊन 'अडीच इंची ब्रश द्या' म्हणू नका. बॉयलरची नळी बाहेरच्या व्यासानं ओळखली जाते, आणि ब्रश आतल्या व्यासाचा लागतो. अडीच इंची नळी म्हणजे बाहेरून ६३.५ मिमी, तिची जाडी ३.६६ मिमी असेल तर आतला व्यास ५६.२ मिमी भरतो. दोन इंची नळी बाहेरून ५०.८, जाडी ३.२५ धरली तर आतून ४४.३. जाडी बॉयलरच्या ड्रॉइंगवर लिहिलेली असते. ड्रॉइंग हाताशी नसेल तर मोजायचं.

मोजण्यात एक मेख आहे. ट्यूब प्लेटमध्ये (नळ्यांची टोकं जिच्या भोकांत बसतात ती जाड प्लेट) बसवताना नळीचं तोंड एक्सपांडर घालून फुगवलेलं असतं, त्यामुळे तोंडाशी कॅलिपर लावून घेतलेलं माप खऱ्यापेक्षा मोठं येतं. निदान १५०–२०० मिमी आत शिरून माप घ्यायला हवं. त्यासाठी लेथवर लाकडाची पायऱ्यांची गुल्ली करून घ्या : पहिली पायरी ५२ मिमी, मग ५४, मग ५६, प्रत्येक पायरी दोन बोटं रुंद. मागे लांब काठी ठोका. थोडी घासून स्वच्छ केलेल्या नळीत ती सारली की कुठली पायरी अडते ते लगेच कळतं. काही नळ्या 'स्टे ट्यूब' असतात, म्हणजे दोन्ही ट्यूब प्लेटना एकमेकींशी धरून ठेवणाऱ्या. त्यांची जाडी जास्त, म्हणून आतला व्यास कमी. गुल्ली एखाद्या नळीत लवकर अडली तर घाण समजून ठोकत बसू नका, ती स्टे ट्यूब असेल. तिच्यावर खडूनं खूण करा. तिला वेगळा, लहान ब्रश लागतो.

आणखी दोन मापं लागतात : नळीची लांबी, आणि बॉयलरच्या दारासमोर मोकळी जागा किती. दुसरं माप बरेच जण विसरतात. मग तीन मीटरचा सुंदर दांडा तयार होतो आणि समोर दोन मीटरवर भिंत निघते. उभ्या बेबी बॉयलरला नळ्या वरून घासाव्या लागतात. तिथे वरच्या स्मोक बॉक्सपासून (नळ्यांतून आलेला धूर जिथे जमतो ती पेटी) शेडच्या पत्र्यापर्यंतची उंची मोजा.

आत काय साचलंय ते बघा

थोडी काजळी कागदावर काढून हातमोज्यातल्या बोटांनी चोळा. तीन प्रकार भेटतात.

भुरभुरीत, सुकी राख : सुकं लाकूड, भाताचा तूस, चांगली हवा मिळालेला जाळ. हिला नुसता तारेचा ब्रश पुरतो.

कडक पापुद्रे : कोळसा, किंवा बरेच दिवस न घासलेली नळी. आधी खरवडणी, मग ब्रश.

चिकट, डांबरासारखी : ही आपल्याकडची खासियत. काजूच्या टरफलात वजनाच्या पाव भागाहून जास्त तेल असतं. टरफलं भट्टीत एकदम लोटली, हवा कमी पडली, की ते तेल पुरतं न जळता धुरातून नळीत येऊन थिजतं. यात ब्रश घातला तर तारा चिकटून त्याचा गोळा होतो आणि दोन-तीन नळ्यांत ब्रश निकामी. इथे खरवडणीला पर्याय नाही. तेल काढून घेतलेल्या टरफलांची पेंड जाळली तर हा त्रास बराच कमी होतो, पण तो निर्णय मालकाचा.

हातमोजे सांगितले ते उगाच नाहीत. या तेलानं कातडी भाजल्यासारखी होते, हे काजू फोडणाऱ्या बायकांना विचारा.

डोकं पहिलं : ब्रश

दांड्याच्या टोकाला बसणारा घासायचा भाग म्हणजे डोकं. ब्रश विकतच घ्या, घरी करण्यात अर्थ नाही. पिळलेल्या जाड तारेत पोलादी तारांची झालर गुंफलेला, आतल्या व्यासापेक्षा एक-दोन मिमी मोठा. ५६ च्या नळीला ५८ पुरे. ६० चा घेतला तर 'जास्त घासेल' असं वाटतं. प्रत्यक्षात तारा आडव्या पडतात, टोकं भिंतीला लागतच नाहीत आणि हात मात्र दुखतात.

ब्रशच्या शेपटाला जे आटे असतात ते नीट बघा. कुणाचे अर्धा इंची बीएसडब्ल्यू (जुने ब्रिटिश इंची आटे), कुणाचे एम १२ (मिलीमीटरचे). दोन्ही दिसायला सारखे, पण एकमेकांत बसत नाहीत. म्हणून ब्रश आधी घ्या आणि तो बरोबर घेऊनच लेथवाल्याकडे जा. त्यालाही तेच सोयीचं; 'किती सुताचा आटा?' (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) या प्रश्नाला तोंडी उत्तर देण्यापेक्षा नमुना टेबलावर ठेवलेला बरा.

डोकं दुसरं : खरवडणी

ही मात्र करून घेता येते. खालची मापं ५६ मिमीच्या नळीची आहेत.

तीन सुती, म्हणजे साधारण १० मिमीची सळई घ्या, २२० मिमी लांब. २५ मिमी चौरस बारचे दोन तुकडे, प्रत्येकी १५ मिमी जाड, मधोमध १० मिमीचं भोक. एक तुकडा सळईला मागच्या बाजूला वेल्डिंगनं पक्का करा. दुसरा पुढच्या टोकाकडे सरकता ठेवा. पुढच्या टोकाला एम १० चे आटे, त्यावर दोन नट : एक दाबायला, दुसरा त्याला अडकवून ठेवायला. नटांच्या पुढे उरणारं सळईचं टोक कानशीनं गोल करा.

आता पाती. स्प्रिंग स्टीलच्या चार पट्ट्या, १६ मिमी रुंद, ०.८ मिमी जाड, दोन तुकड्यांच्या मध्ये १२० मिमी मोकळ्या राहतील एवढ्या लांब. चौरस तुकड्यांच्या चार अंगांवर एम ४ च्या छोट्या स्क्रूंनी बसवा. स्क्रू ७ मिमीपेक्षा लांब नको, नाहीतर आत सळईला अडेल. घट्ट केल्यावर स्क्रूच्या डोक्याच्या कडेला सेंटर पंचचा एक ठोका द्या म्हणजे सुटणार नाही.

पाती वेल्डिंगनं लावायचा मोह होतो, कारण वेल्डर समोरच उभा असतो. लावू नका. वेल्डिंगच्या उष्णतेनं स्प्रिंग स्टीलचं पाणी उतरतं आणि पातं नेमकं त्या जागी मोडतं. साधी एमएस (मऊ पोलादाची) पट्टीही चालत नाही. नट आवळला की पाती मधून बाहेर फुगतात आणि प्रत्येक बाजूला सुमारे १५ मिमी वाक येतो. ०.८ मिमीच्या पट्टीतही त्या वाकानं येणारा ताण एमएसला झेपत नाही. ती चौरस मिमीला २५० न्यूटनच्या आसपासच हार मानते, म्हणजे एकदा वाकली की तशीच राहणार. पट्टी जाड केली तर ताण त्याच प्रमाणात वाढतो. दीड मिमीची घेतलीत तर स्प्रिंग स्टीललाही जड जाईल. इथे जाड म्हणजे मजबूत हा हिशेब उलटा आहे.

नुसती सरळ फुगलेली पाती भिंतीवरून घसरतात, खरवडत नाहीत. म्हणून सरकता तुकडा बसवताना तो मागच्या तुकड्याच्या मानानं ४५ अंश फिरवून घ्या. पात्यांना तिरका पीळ बसतो आणि त्यांच्या कडा काजळीला तिरक्या भिडतात. हा पीळ टिकायला सळईत पुढच्या बाजूला १५ मिमी लांबीची खाच आणि सरकत्या तुकड्यातून त्या खाचेत शिरणारी ३ मिमीची पिन हवी. कडांना धार लावू नका. काटकोनी कड पुरे, धारेनं नळीवर ओरखडे उठतात.

नटाचा आटा दीड मिमीचा असल्यानं पाव फेरा आवळला की बाहेरचा व्यास साधारण एक मिलीमीटरनं वाढतो. पहिल्या फेरीला नळीपेक्षा दोन मिमी लहान ठेवा, दुसऱ्या फेरीला पाव-पाव फेरा वाढवत न्या. दोन्ही टोकांना उतार असल्यानं ही खरवडणी नळीत आपोआप शिरते आणि ढकलताना, ओढताना दोन्ही वेळी काम करते. दोन इंची नळीसाठी २० मिमीचा चौरस बार घ्या आणि स्क्रू त्या मानानं आखूड, बाकी रचना तीच.

दांडा

नवखा माणूस सगळं लक्ष डोक्याकडे देतो. दिवसाच्या शेवटी खांदा दुखवतो तो दांडा.

चार सुती, म्हणजे साधारण १२ मिमीची भरीव सळई गावात कुठेही मिळते, म्हणून सगळे तीच वापरतात. तिचं वजन मीटरला ०.८९ किलो. त्याऐवजी १९ मिमी बाहेरच्या व्यासाचा, १.६ मिमी जाडीचा ईआरडब्ल्यू (पत्रा वळवून वेल्ड केलेला) पाईप घ्या : मीटरला ०.६९ किलो, आणि वाकायला विरोध सळईच्या तिपटीहून जास्त. ढकलताना सळई धनुष्यासारखी वाकते आणि तुमचा निम्मा जोर त्या वाकण्यात जातो. पाईप जोर सरळ पुढे नेतो. अर्धा इंची जीआय पाईप मात्र टाळा. तो मीटरला सव्वा किलोच्या जवळ जातो, वर त्याच्या कपलिंगा नळीच्या तोंडाशी अडतात.

एकूण लांबी किती? नळीची लांबी, अधिक डोक्याची लांबी, अधिक हाताला निदान ४५० मिमी. ब्रश पलीकडच्या टोकातून पुरता बाहेर पडलाच पाहिजे, कारण तो नळीच्या मधोमध उलटा ओढता येत नाही. तारा मागे झुकलेल्या असतात, उलट ओढलं की रुतून बसतात. पलीकडे बाहेर काढायचा, मग ओढायचा.

समोर जागा कमी असेल तर दांडा तुकड्यांत करा, प्रत्येक तुकडा ७५० ते ९०० मिमी. खरी कसोटी सांध्यात आहे. पाईपच्या दोन्ही टोकांत भरीव गुल्ली बसवून वेल्ड करा. एकीकडे बाहेरचे आटे, दुसरीकडे आतले. बाहेरच्या आट्यांच्या बुडाशी पाईपएवढाच रुंद सपाट खांदा ठेवायला सांगा. जोडल्यावर खांद्याला खांदा घट्ट भिडला की वाकण्याचा भार खांद्यांवर जातो. फट राहिली तर तोच भार आट्याच्या बुडावर येतो, आणि तुकडा नेहमी तिथेच मोडतो, तोही नळीच्या आत असताना. आटे जाडच ठेवा. बारीक आट्यांत काजळी भरली की पाना लावूनही सुटत नाहीत.

दांडा आत असताना फिरवायचा तर फक्त उजवीकडे. डावीकडे फिरवला की कुठला तरी सांधा आत सुटतो. हे दांड्यावर लाल रंगाचा बाण काढून दाखवा. शिफ्टमध्ये कुणी कन्नड बोलणारा, कुणी मराठी, कुणी बाहेरून आलेला. बाण सगळ्यांना कळतो.

मूठ आणि ढाल

मूठ आडवी, टी आकाराची, ३०–३२ मिमी जाड, बाभळीच्या लाकडाची. लोखंडी मूठ कोमट बॉयलरवरही चटका देते. उभ्या बॉयलरसाठी मूठ नळीच्या व्यासापेक्षा लांब असणं सक्तीचं समजा, नाहीतर हात सुटला की अख्खा दांडा खाली फायर बॉक्समध्ये.

डोक्याच्या मागे साधारण एक वीत अंतरावर ४० मिमीची नायलॉनची चकती पाईपवर बसवली तर आडव्या नळीत दांडा तळाला घासत नाही आणि ब्रश मधोमध राहतो. याशिवाय, जुन्या कन्व्हेयर बेल्टचा १५० मिमीचा गोल तुकडा कापून, मधे १९ मिमीचं भोक पाडून दांड्यावर सैल ओवून ठेवा. घासताना तो नळीच्या तोंडावर दाबून धरायचा. ओढताना जो काळा फवारा तोंडावर येतो तो बराच थांबतो आणि बोटंही ट्यूब प्लेटवर आपटत नाहीत. फुकटात होणारी गोष्ट आहे, तरी फार थोड्या ठिकाणी दिसते.

हँड ड्रिलला जोडून फिरवायचं असं कुणी सुचवेल. या दांड्याला नको. तुकड्यांचा लांब दांडा वेगात फिरला की चाबकासारखा उडतो.

आधी बाहेर करून बघा

भंगारातून त्याच मापाच्या नळीचा फूट-दीड फूट तुकडा मिळवा, शिकंज्यात धरा. मुठीला ताणकाटा अडकवून खरवडणी ओढा. काटा दहा किलोच्या वर जात असेल तर नट पाव फेरा सैल करा. एका नळीला जोर लागतो म्हणून चालून जातं, पन्नासाव्या नळीला चालत नाही. मग तुकड्यात बॅटरीचा उजेड टाकून आतून बघा : ओरखडे दिसले तर पात्यांच्या कडा कानशीनं मोडा.

प्रत्यक्ष सफाई

बॉयलर बंद करा, जळण काढून घ्या, मुख्य स्टीम व्हॉल्व्ह लावा आणि आपल्या गतीनं थंड होऊ द्या. घाईनं दारं उघडून गार वारा आत घेतला की नळ्यांची फुगवलेली टोकं ढिली पडतात आणि गळती सुरू होते. पाणी मारून थंड करायचा तर विचारही नको. फीड पंप आणि ब्लोअरची वीज तोडून 'काम चालू आहे' हा बोर्ड मराठी-कन्नड दोन्हीत लावा. पाणी काढायची गरज नाही, सफाई धुराच्या बाजूची आहे.

भट्टीत निखारा उरलेला नाही याची खात्री करा. धुमसणारा निखारा कार्बन मोनॉक्साईड सोडतो, आणि त्याला ना वास ना रंग. दोन्हीकडची दारं आणि डॅम्पर (धुराच्या वाटेवरची झडप) उघडून हवा खेळू द्या. मास्क एन-९५ चा, रुमाल नव्हे. डोळ्यांना बंद चष्मा. आत उजेड लागला तर बॅटरी किंवा २४ व्होल्टपर्यंतचा दिवा. २३० व्होल्टचा होल्डर लोखंडी पोटात नेऊ नका. आत वाकायचं असेल तर बाहेर दुसरा माणूस हवाच.

आडव्या बॉयलरमध्ये वरच्या ओळीपासून खाली या, म्हणजे घासलेल्या नळ्यांवर परत काजळी पडत नाही. झालेल्या नळीच्या तोंडाशी खडूची रेघ मारा. खरवडणीची फेरी सगळ्या नळ्यांना पूर्ण करून मगच ब्रश घ्या. शेवटी स्मोक बॉक्स आणि मागच्या चेंबरमधली काजळी काढा, नाहीतर पहिल्या जाळाबरोबर तीच उडून परत नळ्यांत बसेल.

घासताना नळीच्या तोंडाभोवती पांढरट किंवा तांबूस ओघळ दिसला तर तो खरवडून नाहीसा करू नका. तिथून पाणी झिरपतंय. फोटो काढा, नळीचा नंबर लिहा, अटेंडंटला दाखवा. गळकी नळी स्वतः वेल्ड करून मोकळं होणं कायद्यात बसत नाही. १९२३ चा बॉयलर कायदा जाऊन २०२५ चा नवा आला, तरी परवानगीशिवाय दुरुस्ती न करण्याचा नियम कायम आहे. आपल्या बाजूला कर्नाटकचं कारखाने व बॉयलर खातं, शिनोळीपासून पुढे चंदगडकडे गेलात तर महाराष्ट्राचं बाष्पके संचालनालय. वार्षिक तपासणीला निरीक्षक येतात तेव्हा नळ्या आधीच साफ असाव्या लागतात, त्यामुळे हत्यार त्याच्या महिनाभर आधी तयार ठेवा.

दारं लावताना दोरीचं गॅस्केट चेपलेलं नाही ना ते बघा. फट राहिली की बाहेरची हवा आत ओढली जाते, चिमणीचं तापमान खोटं कमी दिसतं आणि तुमचा भिंतीवरचा आकडा निरुपयोगी होतो.

पावसाळ्यापूर्वी

खानापूर-चंदगडच्या पावसात हवेतला ओलावा काजळी शोषून घेते, आणि ओली काजळी नळीला आतून खात राहते. कोळशावर चालणाऱ्या बॉयलरला तर जास्तच, कारण गंधकाचं आम्ल तयार होतं. हंगाम संपवून बॉयलर बंद ठेवायचा असेल तर शेवटच्या जाळानंतर आठवड्याच्या आत नळ्या घासून घ्या आणि चिमणीच्या तोंडावर टोपी बसवा. काजूच्या डांबरानं माखलेलं डोकं डिझेलमध्ये बुडवून पुसा, सांध्यांच्या आट्यांना ग्रीस लावा, खरवडणीचा नट पुरता सैल करून ठेवा. वर्षभर वाकलेली राहिली तर स्प्रिंगची पातीही ढिली होतात. ब्रश आडवा टेकवून ठेवला की एका बाजूच्या तारा बसतात, म्हणून टांगा. मापाच्या लाकडी गुल्लीशी ताडून ब्रशचा व्यास नळीइतकाच उरला असेल तर मे महिन्यातच नवा मागवा.